पहिली औषधयोजना निष्फळ ठरल्यावर
(एच.आय.व्ही.च्या उपचारांविषयी एक पाठ)



१ डिसेंबर हा दिवस १९८८पासून जागतिक एड्स दिन म्हणून पाळण्यात येतो. आपल्या शाळेतही त्या दिवशी परिपाठानंतर एक व्याख्यान होते, आणि ज्यांना चारचौघांत प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी जिन्याजवळ एक प्रश्नपेटी ठेवण्यात येते. एका वर्षी व्याख्यानाचे काम आमच्याकडे आले. बोलण्याच्या भरात आम्ही "या रोगावर औषध नाही" असे एक वाक्य बोलून गेलो. आमच्या लहानपणी दवाखान्याच्या भिंतीवर कवटी रंगवून तिच्याखाली जे भयसूचक शब्द लिहिलेले असत, तेच इतक्या वर्षांनी आमच्या जिभेवर आले.

सायंकाळी पेटी उघडली तेव्हा तीत एक चिठ्ठी निघाली. ती आम्ही शब्दशः येथे देत नाही. शिक्षकांना हस्ताक्षरे ओळखू येतात. म्हणूनच ती चिठ्ठी आम्ही दुसऱ्यांदा वाचली नाही आणि त्याच दिवशी नष्ट केली. तिचा आशय मात्र विसरता येण्यासारखा नव्हता. औषध नाही असे सर म्हणतात. परंतु औषध तर चालू होते. आता ते लागू पडेनासे झाले आहे. मग यापुढे काय?

दोन चुका या चिठ्ठीने आम्हांस दाखवून दिल्या. पहिली आमची : औषध नाही, हे विधान खोटे होते. दुसरी चूक अशी की, एखादे औषध निकामी झाल्यावर रोग्याचे काय होते या प्रश्नाचा आम्ही कधी अभ्यासच केला नव्हता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वैद्यकाचे ज्ञान आम्हांस नाही. तथापि जो प्रश्न विद्यार्थ्याने विचारला त्याचे उत्तर शोधणे हे शिक्षकाचे कामच आहे. विचारणाऱ्यास समोर बोलावून उत्तर देणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. म्हणून हा पाठ वार्षिकांकात लिहीत आहोत. ज्यांच्या घरी या प्रश्नाचा संबंध नाही त्यांनीही तो वाचावा. कारण त्यात गणित आहे, जीवशास्त्र आहे, आणि थोडे नागरिकशास्त्रही आहे.

१. रोगाचा आणि औषधाचा पूर्वेतिहास

एड्स या रोगाची पहिली नोंद अमेरिकेत १९८१ साली झाली. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याला कारणीभूत होणारा विषाणू शोधून काढला. त्यांपैकी फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटान्ये या दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. भारतात हा विषाणू प्रथम १९८६मध्ये मद्रास येथे आढळला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात त्या जन्मल्या. ज्यांना कोणी जवळ घेत नव्हते अशा रोग्यांसाठी त्यांनी १९९३ साली मद्रासेतच संस्था उभारली. २०१५मध्ये त्या निवर्तल्या. २०१७ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, हेही येथे सांगितले पाहिजे.

पहिले औषध, झिडोव्ह्युडीन, १९८७ साली अमेरिकेत मान्य झाले. रोग्यांना त्याने काही महिने बरे वाटे. मग पुन्हा प्रकृती ढासळे. पुढे दोन औषधे एकत्र देऊन पाहिली; लाभ वाढला, पण टिकला नाही. १९९६च्या सुमारास तीन औषधे एकाच वेळी देण्याची पद्धती रूढ झाली आणि चित्र पालटले. अंथरुणास खिळलेली माणसे उठून कामाला लागली. एका औषधाने जे साधले नाही ते तिघांनी का साधावे? या प्रश्नाच्या उत्तरातच आपल्या चिठ्ठीचे निम्मे उत्तर आहे.

२. बिदरचा तिहेरी खंदक

सहलीच्या निमित्ताने आपणांपैकी बहुतेकांनी बिदरचा किल्ला पाहिला आहे. बहामनी सुलतानांनी बांधलेल्या या किल्ल्याला खडकात खोदलेला तिहेरी खंदक आहे. एक खंदक ओलांडणारा शत्रू निघू शकेल. परंतु लागोपाठ तीन ओलांडावयाचे म्हणजे दमछाक होऊन तो मध्येच पडणार, हा त्यामागील विचार. औषधांचेही तसेच आहे.

हा विषाणू आपल्या रक्तातील एका विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. त्यांना सी.डी.-४ पेशी म्हणतात. रोगप्रतिकाराच्या कामात इतर पेशींना चालना देणे हे त्यांचे काम. पेशीत शिरल्यावर विषाणू आपल्या जनुकीय मजकुराची नक्कल करतो. ती नक्कल पेशीच्या केंद्रकात घुसवतो. आणि मग पेशीच्याच साधनांनी नवे विषाणू तयार करून घेतो. या मजकुरात सुमारे १०,००० अक्षरे असतात. नक्कल करणारे त्याचे जे विकर आहे ते अत्यंत निष्काळजी लेखनिक आहे. लिहिलेले तपासून पाहण्याची त्याला सवयच नाही. सुमारे ३०,००० अक्षरांमागे त्याच्या हातून एक चूक होते. म्हणजे साधारणपणे दर तीन नकलांत एक चुकीची नक्कल. बहुतेक चुका विषाणूलाच घातक ठरतात. पण क्वचित एखादी चूक अशी होते की, तिच्यामुळे औषधाला विषाणूवर पकड घेता येत नाही. आपण शुद्धलेखनात चूक केली तर गुण जातात. विषाणूला मात्र कधीकधी चुकीचेच गुण मिळतात.

आता थोडा स्थूल हिशेब करू. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. एका औषधाला चुकवणारी विशिष्ट चूक १ लाखात एकदा होते असे धरा. तर १,००० कोटींत अशी चूक असलेले विषाणू रोज १ लाख निघतील. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे लाखभर वाचून वाढतात. दोन औषधांना एकाच वेळी चुकवावयाचे तर १ लाख गुणिले १ लाख, म्हणजे १,००० कोटींत एकदा : रोज एक विषाणू. तीन औषधांना एकाच वेळी चुकवणारा विषाणू मात्र १ लाख दिवसांत एकदा निघेल. १ लाख दिवस म्हणजे सुमारे २७४ वर्षे! प्रत्यक्षातील व्यवहार इतका सरळ नसतो, हे खरे. तरी तिहेरी खंदकाचे मर्म या हिशेबावरून ध्यानी यावे. शिवाय औषधांमुळे नकला होणेच थांबत असल्यामुळे चुका होण्याचा प्रसंगही उरत नाही.

३. मग औषधे निष्फळ का होतात?

खंदकात पाणी असेल तरच त्याचा उपयोग. गोळ्या चुकल्या की खंदक आटतात. त्यातही एक खोच आहे. तिन्ही औषधे रक्तातून एकाच वेळी नाहीशी होत नाहीत. पूर्वी आपल्याकडे पहिल्या औषधयोजनेत नेव्हिरापीन किंवा इफाव्हिरेन्झ हे एक औषध असे. ते रक्तात कित्येक दिवस रेंगाळते, तर त्याची जोडीदार औषधे लवकर निघून जातात. माणसाने गोळ्या एकाएकी थांबवल्या की काही दिवस एकच औषध एकट्याने झुंजत राहते. विषाणू वाढू लागलेला, आणि समोर एकच खंदक! या औषधाला चुकवण्यास विषाणूला एक चूकही पुरते. काही दिवसांच्या खंडाने कायमची हानी होऊ शकते ती अशी. एकदा उमटलेली ती चूक शरीरात राखीव राहिलेल्या पेशींत जपून ठेवली जाते. औषध पुन्हा सुरू केले की ती पुन्हा डोके वर काढते.

गोळ्यांत नियमितपणा किती हवा? जुन्या योजनेत दिवसातून दोनदा गोळ्या घ्याव्या लागत, म्हणजे महिन्याच्या ६० मात्रा. त्यांपैकी ३ चुकल्या तर नियमितपणा १०० पैकी ९५ झाला. परीक्षेत ९५ गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो. येथे ९५च्या खाली गेले की धोका सुरू होतो.

परंतु निष्फळतेचा सारा दोष रोग्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मोफत औषधे मिळू लागण्यापूर्वी कित्येकांनी शेत-दागिने विकून खाजगीत औषधे घेतली. कोणास एकच औषध मिळाले, कोणास दोन. पैसा संपला की औषध संपले. त्यांच्या विषाणूला जणू शिकवणीच मिळाली. काहींना लागण झाली तीच मुळी औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूची. कधी क्षयाच्या औषधांमुळे या गोळ्यांचा जोर कमी होतो. कधी उलट्या-जुलाबांमुळे गोळी अंगी लागत नाही. आणि आपल्या भागातले कारण तर आपणां सर्वांस माहीत आहे. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील गावे व तांडे यांतून सुगी संपताच माणसे हैदराबाद, पुणे, मुंबई येथे बांधकामावर अथवा ऊसतोडीला जातात. महिन्याच्या गोळ्या संपतात. केंद्र दोनशे-चारशे किलोमीटर दूर. एक दिवस गेला तर मजुरी बुडते. आणि मुकादमाला कारण सांगावे तर गुपित फुटते. अशा वेळी जो खंड पडतो त्याला निष्काळजीपणा म्हणणे आम्हांस धजवत नाही.

४. निष्फळता ओळखावी कशी?

बिदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातला भुयारी कालवा आहे. त्यास कारेझ म्हणतात. पाणी जमिनीखालून वाहते. वरून चालणाऱ्यास काहीच दिसत नाही. म्हणून ठिकठिकाणी उभे कूप खोदले आहेत. त्यांत डोकावले म्हणजे खाली काय चालले आहे ते कळते. औषधांची निष्फळताही अशीच जमिनीखालून वाहते. प्रथम रक्तातील विषाणूंची संख्या वाढते. काही महिन्यांनी सी.डी.-४ पेशी घटू लागतात. वजन उतरणे, ताप, क्षय ही लक्षणे त्यानंतरची. माणूस स्वतःला निरोगी समजत असतानाच औषध निकामी झालेले असू शकते.

डोकावून पाहण्याचा कूप म्हणजे विषाणुसंख्येची रक्ततपासणी. भारतात उपचार घेणाऱ्या सर्वांसाठी ही तपासणी नियमाने करण्याचे धोरण २०१८ साली सुरू झाले. औषध सुरू केल्यावर ६ महिन्यांनी, मग १२ महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी ती करावयाची असते. एक मिलिलिटर रक्तात १,००० किंवा अधिक विषाणू आढळले तर लगेच औषध बदलत नाहीत. गोळ्या कोठे, का चुकतात हे समुपदेशक बसून विचारतो, अडचणी दूर करण्याचा प्रयत्न होतो, आणि सुमारे ३ महिन्यांनी तपासणी पुन्हा होते. पुष्कळांची संख्या तेवढ्यानेच खाली येते. म्हणजे औषध नादुरुस्त नव्हते, खंदक फक्त आटला होता. दुसऱ्या वेळीही संख्या १,०००च्या वरच राहिली, तर पहिली योजना निष्फळ झाली असे मानून तज्ज्ञांच्या मंडळाकडे प्रकरण जाते.

५. दुसरी फळी, तिसरी फळी

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शत्रू ज्या वाटेने आला ती वाट सोडून नव्या ठिकाणी खंदक खणावा, हे दुसऱ्या फळीचे तत्त्व. पहिल्या योजनेतील औषधे मुख्यतः नक्कल करणाऱ्या विकराला अडवीत. दुसऱ्या फळीत प्रोटिएज नावाच्या वेगळ्या विकराला रोखणारी औषधे आली. नवा विषाणू कापून-सांधून तयार करण्याचे काम हे विकर करते. लोपिनाव्हिर आणि अटाझानाव्हिर ही त्यांपैकी दोन. त्यांच्यासोबत रिटोनाव्हिरची लहान मात्रा देतात. यकृत मुख्य औषधाची फार लवकर विल्हेवाट लावते. त्याला रिटोनाव्हिर थोपवून धरते, म्हणून औषध रक्तात टिकते. या गटाला चुकवावयाचे तर विषाणूला एक नव्हे, अनेक चुका जमवाव्या लागतात. म्हणून हा खंदक खोल.

याचा प्रत्यक्ष गुण किती? अनुमानापेक्षा प्रयोग बरा. आफ्रिकेतील पाच देशांत पहिली योजना निष्फळ ठरलेल्या १,२७७ रोग्यांवर 'अर्नेस्ट' नावाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. प्रोटिएज-रोधक औषध आणि पहिल्या गटातील औषधे अशी योजना ज्यांना दिली, त्यांपैकी १०० पैकी ८६ जणांचे विषाणू ९६ आठवड्यांनंतर ४००च्या खाली होते. पहिल्या गटातील औषधांऐवजी रालटेग्राव्हिर हे नवे औषध जोडले तरी प्रमाण तेच, ८६. प्रोटिएज-रोधक जवळजवळ एकट्यानेच लढवले तेव्हा मात्र ते ६१वर उतरले. जोडीदारांची आवश्यकता यावरून सिद्ध होते.

याच प्रयोगातून एक गोष्ट अशी निघाली की ती वाचून आम्ही थक्क झालो. ज्यांच्या विषाणूने पहिल्या औषधांना चुकवण्याची कला पुरी शिकून घेतली होती, त्यांना नव्या औषधांचा गुण अधिक आला. आणि ज्यांच्या विषाणूने ती फारशी शिकलेली नव्हती, त्यांना कमी आला. हे उलटे कसे? विचार करा. विषाणू औषधाला चुकवण्यास शिकतो तो औषध थोडेफार पोटात जात असेल तरच. ज्याच्या शरीरात विषाणू वाढला आहे आणि तरी शिकलेला नाही, त्याच्या पोटात गोळ्या बहुधा गेल्याच नव्हत्या. मग नव्या गोळ्या तरी कशा जाणार? गोळी बदलली, पण गोळी न घेण्याचे कारण बदलले नाही. म्हणून दुसऱ्या फळीचे पहिले काम गोळी बदलणे हे नव्हे. गोळी का चुकत होती ते शोधणे हे आहे.

यानंतर आणखी एक प्रबळ गट आला. विषाणूची नक्कल केंद्रकात घुसवणाऱ्या इंटिग्रेज नावाच्या विकराला तो रोखतो. रालटेग्राव्हिर हे त्यातील पहिले औषध. तीन निरनिराळ्या गटांतील औषधांना दाद न देणारा विषाणू ज्यांच्या शरीरात होता, अशा ६९९ रोग्यांवर त्याचे दोन प्रयोग झाले आणि २००८ साली प्रसिद्ध झाले. इतर उपलब्ध औषधांना रालटेग्राव्हिरची जोड दिली तेव्हा ४८ आठवड्यांनी १०० पैकी सुमारे ६२ जणांचे विषाणू ५०च्या खाली गेले. जोड न देता सुमारे ३३ जणांचेच गेले. ज्यांच्याविषयी बहुतेकांनी आशा सोडली असती अशा रोग्यांची ही कथा आहे. पुढे आलेले डोल्युटेग्राव्हिर त्याहून चिवट. केनिया, युगांडा आणि झिंबाब्वे येथे पहिली योजना निष्फळ ठरलेल्या ४६४ रोग्यांवरील 'नादिया' प्रयोगात त्याने ४८ आठवड्यांनी १०० पैकी ९० जणांचे विषाणू ४००च्या खाली आणले. सोबतची जुनी औषधे अर्धीमुर्धी निकामी झालेली असतानाही हा गुण आला. भारतात २०२०नंतर पहिल्या योजनेतच डोल्युटेग्राव्हिरचा समावेश झाला आहे. ज्यांनी ते पूर्वी घेतलेले नाही त्यांना पुढील फळीतही त्याचा उपयोग होतो.

दुसरीही फळी कोसळली तर? भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६पासून तिसरी फळीही आहे. दारुनाव्हिर हे तीतले एक प्रमुख औषध. जगात त्यापलीकडची औषधेही निघाली आहेत. लेनाकापाव्हिर हे सहा महिन्यांतून एकदा टोचावयाचे औषध २०२२ साली युरोपात व अमेरिकेत मान्य झाले, ते प्रथम अनेक औषधे निकामी झालेल्यांसाठीच.

सत्य सांगावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यांपैकी कोणतेही औषध विषाणूचा समूळ नाश करीत नाही. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. फळी जितकी पुढची तितकी निवड कमी, आणि पुष्कळदा गोळ्या अधिक. काहींना जुलाब होतात. अटाझानाव्हिरने डोळ्यांत पिवळेपणा येतो. निष्फळता उशिरा कळली आणि सी.डी.-४ पेशी फार घटल्या असल्या, तर नवे औषध गुण देईपर्यंतचे पहिले महिने जोखमीचे असतात. शिवाय प्रयोगातील रोग्यांवर जशी देखरेख असते तशी प्रत्येक गावी नसते. म्हणून वरील आकडे आश्वासक आहेत, पण ते आपोआप कोणाच्या पदरात पडत नाहीत.

६. औषध घरापर्यंत कसे आले?

१९९०च्या दशकाच्या अखेरीस तिहेरी उपचाराचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य देशांत १०,००० डॉलरांच्या वर होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तोच उपचार आफ्रिकेत काम करणाऱ्या एका वैद्यकीय सेवासंस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. रोजचा खर्च एका डॉलरहून कमी! आपल्या शेजारच्या हैदराबादेतील रासायनिक संशोधन संस्थेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी झिडोव्ह्युडीन तयार करण्याची पद्धत सिप्लासाठी आधीच बसवून दिली होती.

भारत सरकारने १ एप्रिल २००४पासून मोफत औषधे देण्यास आरंभ केला. जेथे रोगाचा प्रादुर्भाव अधिक होता त्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही होती. जानेवारी २००८मध्ये दुसऱ्या फळीची औषधे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईजवळील तांबरम येथील रुग्णालयात मिळू लागली. प्रारंभी ती सर्वांस खुली नव्हती. खाजगीत उपचार घेऊन ज्यांची पहिली योजना बिघडली होती त्यांना दूर ठेवण्यात आले होते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि २०१०मध्ये सर्व गरजूंना ती औषधे देण्याचे सरकारने मान्य केले. पुढे एच.आय.व्ही.विषयीचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून अमलात आला. या रोगाच्या कारणावरून कोणास शाळेतून, नोकरीतून वा दवाखान्यातून दूर करणे, किंवा त्याच्या संमतीवाचून त्याचे गुपित उघड करणे, त्या कायद्याने मना आहे. ही माहिती विद्यार्थ्यांप्रमाणे आम्हां शिक्षकांसही असावयास हवी.

७. सीमेवरील कुटुंबांसाठी चार गोष्टी

बिदर आणि कलबुर्गी येथे जशी उपचारकेंद्रे आहेत तशीच लातूर आणि सोलापूर येथेही आहेत. कार्यक्रम राष्ट्रीय असल्यामुळे राज्याची सीमा औषधाच्या आड येत नाही. आळंदचा माणूस कामासाठी सोलापूरला गेला, किंवा औरादचा पुण्याला गेला, तर निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात सांगून बदलीचा कागद आणि उपचाराची पुस्तिका घ्यावी. औषध नव्या ठिकाणी मिळते. न सांगता गेल्याने खंड पडतो, आणि खंडाने काय होते ते आपण पाहिलेच.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या कोकणीत औषधाला 'वखद' म्हणतात, कन्नडात 'मद्दु', दख्खनीत 'दवा'. नाव कोणतेही असो, ते कसे घ्यावयाचे हे समजल्यावाचून खिडकीपासून हलू नये. कागद कन्नडात असेल आणि आपणांस मराठीच वाचता येत असेल, तर विचारण्यात कमीपणा नाही. घरातील कन्नड शिकलेला मुलगा वा मुलगी येथे मोठे काम करू शकेल. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते.

तिसरी गोष्ट : क्षयाची औषधे चालू असतील तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगावे. रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध प्रोटिएज-रोधकांचा जोर पार घालवते आणि डोल्युटेग्राव्हिरचाही कमी करते. डॉक्टर त्याप्रमाणे औषध अथवा मात्रा बदलतात. पित्तावरच्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांविषयीही विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने हा रोग होत नाही. इतकेच नव्हे, औषधांनी ज्याच्या रक्तातील विषाणू दिसेनासे झाले आहेत, त्याच्यापासून वैवाहिक जोडीदारालाही लागण होत नाही, हे २०१६ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. औषध पहिल्या फळीचे की दुसऱ्या, याने त्यात फरक पडत नाही. विषाणू दिसेनासा झाला पाहिजे. गोळीचा डबा लपवावा लागणारे घर आणि उघडपणे फडताळात ठेवता येणारे घर यांत गोळ्या कोठे अधिक चुकतील, हे सांगावयास नको. रोग्याचा खंदक भरलेला ठेवणे काही अंशी आपल्याही हाती आहे.

उपसंहार

आता त्या चिठ्ठीचे उत्तर. औषध लागू पडेनासे झाले म्हणजे सारे संपले असे नाही. पहिल्यानंतर दुसरी फळी आहे. दुसरीनंतर तिसरी आहे. आणि दोन्ही सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. योग्य औषधे नियमाने घेतली तर दहांतील आठ-नऊ जणांचा विषाणू पुन्हा काबूत येतो, असे प्रयोग सांगतात. डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावले असेल तर त्या दिवशी अवश्य जावे. गोळ्या चुकल्या असतील तर खरे सांगावे. डॉक्टरांचा निर्णय त्या खऱ्या उत्तरावर अवलंबून असतो. आणि घरातील मोठ्या माणसास रात्री गोळीची आठवण करून देणारे लेकरू औषधाइतकेच मोलाचे काम करीत असते.

आमचे ते वाक्य आम्ही येथे सर्वांसमक्ष परत घेतो. औषध आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने प्रश्न विचारला म्हणून आम्ही शिकलो. त्याबद्दल त्याचे, अथवा तिचे, आम्ही ऋणी आहोत. जिन्याजवळची पेटी आता वर्षभर तेथेच राहील.

स्वाध्याय

१. तीन औषधांऐवजी दोनच दिली असता काय होईल, ते वरील हिशेबाच्या आधारे सांगा.
२. गोळ्या एकाएकी थांबवल्याने पहिली योजना निकामी होण्याचा धोका का वाढतो?
३. प्रकृती ठणठणीत असतानाही विषाणुसंख्येची तपासणी का करावी?
४. 'औषध बदलण्यापूर्वी कारण शोधावे' या विधानाचे 'अर्नेस्ट' प्रयोगाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
५. आपल्या गावातून कामासाठी परगावी जाणाऱ्या रोग्यास तुम्ही कोणती माहिती द्याल? दहा ओळी लिहा. कोणाचेही नाव लिहू नका.